‘पिक’चे सगळे अर्थ निवडण्या-खुडण्यातूनच फुटले?

इंग्रजी ‘पिक’चे (pick) सगळे अर्थ ‘निवडणे, खुडणे’ यातूनच फुटले, असं म्हणतात. पटत नाही. सोलापुरात मागावरचा पिक म्हणजे धोट्याची (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाची) एक फेक, पर्यायानं त्या फेकीत पडलेला एक आडवा धागा. हा पिक ‘फेकणे’ अर्थाच्या इंग्रजी ‘पिच’चं (pitch) बोलीरूप, निवडण्याशी त्याचा संबंध नाही. (शेतातल्या पिकाशी तर नाहीच.)

हिशेबही त्याच्यावरच चालतो. माग मिनिटाला १२० पिक टाकतो आणि कापडात इंचाला ४० पिक हवेत, तर मिनिटाला ३ इंच कापड, तासाला साधारण साडेचार मीटर. धागा तुटून माग थांबला की तेवढं कमी. पिक मोजायचे तर कापडावर एक इंची भिंग ठेवून सुईच्या टोकानं एकेक धागा सरकवायचा. टॉवेलात तर गंमतच. तीन पिकच्या टेरीत (कड्यांच्या टॉवेल-विणीत) पहिले दोन पिक विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच थांबवतात, तिसऱ्याच्या ठोक्याला फणी (आडवे धागे ठोकून बसवणारी) तिन्ही एकदम पुढे रेटते आणि सैल सोडलेल्या ताण्याची (उभ्या धाग्यांची) कडी वर उभी राहते. अलीकडचं ते अंतर कमीजास्त झालं की कड्या लहानमोठ्या, टॉवेलावर आडवे पट्टे.