अनुभव धागा : आमच्या गावाला रेल्वे आली तेव्हा (किंवा आलीच नाही तेव्हा)

आमच्या घरात 1997 सालचं एक पिवळं पडलेलं पत्रक आहे. बीडच्या प्लॉटांची जाहिरात : ‘नियोजित रेल्वे स्टेशनपासून पाच मिनिटांवर’. वडिलांनी प्लॉट घेतला. नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी 1995 ची, लांबी 261 किलोमीटर, निम्मा खर्च राज्याचा. नगरहून आष्टीपर्यंतचे पहिले 66 किलोमीटर सुरू व्हायलाच सप्टेंबर 2022 उजाडला. बीडला गाडी लागली ती 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी. स्टेशन प्लॉटच्या नेमकं उलट्या अंगाला झालंय, ते सोडा.

त्या दिवशी वडिलांचा फोन : “आली बरं का.” मी म्हटलं, मग या आता गाडीनं पुण्याला. तर म्हणे, “नगरपर्यंतच जाती. पुढं हायेच की एसटी.”

मी मुद्दाम एकदा त्या डेमूनं, म्हणजे डिझेलवरच्या लोकलनं, गेले. सुरुवातीच्या वेळापत्रकात गाडी सकाळी सातच्या आत नगर सोडायची, साडेबाराला बीड, आणि एकला परत. रविवारी सुट्टी. साडेपाच तास! एसटी यापेक्षा कितीतरी आधी पोचवते. पण डब्यातली मजा काही और होती. एक जण दारात उभा राहून प्रत्येक पुलाचा व्हिडिओ काढत होता. कड्याला एक आजी चढल्या, पिशवी मांडीवर, दहाची नोट मुठीत. बराच वेळ वाट बघून मला विचारतात, “बाई, कंडक्टर कवा येतो गं?” तिकीट खिडकीवर काढायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या स्टेशनवर एक पोरगं उतरून तिकीट आणायला पळालं आणि ते येईपर्यंत अख्खा डबा “थांबा, थांबा” म्हणून ओरडत होता.

रूळ आले, पण कामाच्या वेळेला गाडी आली का? तुमच्या गावाचं काय झालं ते लिहा.

लातूरकर
आमची छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेज, मिरजेपासून लातूरपर्यंत होती. बार्शी लाइट रेल्वेची. लहानपणी चढावर लोक खाली उतरून गाडीबरोबर चालायचे असं आजोबा सांगायचे, थोडी थाप असेल. 2007-08 मध्ये कुर्डुवाडी-लातूर मोठी लाइन झाली आणि मुंबई एक्सप्रेस मिळाली. तिनं काय दिलं ते बाहेरच्याला नाही कळायचं. रात्री जेवून बसायचं, सकाळी मुंबईत, मंत्रालयातलं काम उरकून त्याच रात्री परत. लॉजचा खर्च वाचला. आणि मग 2017 मध्ये तीच गाडी बिदरपर्यंत वाढवली. लातुरात आंदोलन झालं, मीही घोषणा दिल्यात. आमच्या हक्काच्या गाडीत आम्हालाच वेटिंग, हे पटेना.

उदगीरची सून
काका, राग मानू नका, पण बिदरच्या वाटेवर उदगीर लागतं आणि उदगीर लातूर जिल्ह्यातच आहे. तुमच्या घोषणांत आम्ही कुठंच नव्हतो. सासूबाईंचा इलाज तेव्हा मुंबईला चालू होता. आधी दुपारीच जीप करून लातूर गाठायचं, पेशंटला घेऊन फलाटावर बसायचं आणि मग गाडी. ती आठवड्यातून तीन दिवस पुढं यायला लागल्यावर आम्ही डॉक्टरांची तारीख गाडीच्या वारांवर घ्यायला लागलो. डॉक्टर हसायचे, “तुमचा वार कोणता?” म्हणून. सीट तुमच्या गेल्या हे खरं. पण त्या सीटवर कोण झोपलं होतं, तेही बघा.

लातूरकर
ताई, हे वाचून जरा ओशाळलो. मागायला हव्या होत्या दोन गाड्या. एकीवरूनच आपसात भांडत बसलो.

मोतीबागचा
तुमच्याकडे उशिरा आली, आमच्याकडे होती ते गेली. शकुंतला, आमची नॅरोगेज गाडी. मूर्तिजापूरवरून एक फाटा अचलपूरले, दुसरा कारंजा-दारव्हा करत यवतमाळले. रुळाची रुंदी अडीच फूट. 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन होतं, मंग डिझेल आलं. फाटक आलं का गाडी थांबे, माणूस उतरे, फाटक लावे, गाडी पुढं घे, पुन्हा उतरे, फाटक उघडे. लोक हसत, पण गरिबाची सोय होती. एसटीच्या मानानं तिकीट काहीच नोय. माय मावशी कारंज्याच्या बाजारात भाजी घेऊन जाये, तिची टोपली एसटीत कोण घेते? लाइन बंद पडली अन् तिचा बाजारही सुटला. ह्याचा हिशेब कोणी केला नाही.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड मोठी लाइन होऊन राहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली. तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन सोपं झालं म्हणा. यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण, अन् गाडी अलीकडंच थांबते. ‘आता काय, आलीच’ असं सारेच म्हणतात. माह्या बाबानं नांदेडच्या लाइनचं ऐकलं तवा ते नोकरीत होते, आता त्यांच्या नातवाची नोकरी लागली.

फलटणहून
लोणंद-फलटण तुकडा छोटा, 26 किलोमीटर. मार्च 2021 मध्ये पुण्याची डेमू सुरू झाली तेव्हा कोरोनामुळं कौतुक करायलाही कुणी नव्हतं. एसटीपेक्षा वेळ जास्त लागतो हे मान्य. मी मात्र गाडीचाच. पाठीला मणक्याचा त्रास असणाऱ्यानं एकदा दिवे घाट एसटीच्या मागच्या सीटवर बसून बघावा, मग बोलू. सोमवती अमावस्येला या गाडीनं या कधीतरी : जेजुरीला डबा भरतो आणि सीट, पंखे, तुमचा शर्ट, सगळं भंडाऱ्यानं पिवळं.

संगमनेर (नुसतं ‘आली, आली’)
पुणे-नाशिक थेट रेल्वे अजून नाही. मोजणीचे दगड पाहिले, दर ऐकले, शेजाऱ्याशी बांधावरून भांडलो. मग कळलं की आखणी नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आड येते, मार्ग बदलणार. विश्वातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या यंत्राला आमची गाडी ऐकू येऊ नये म्हणून! शास्त्रज्ञांचं बरोबरच असणार. मी नाशिकला अजून बसनंच जातो.

वैनगंगाकाठ
गडचिरोली केवढा जिल्हा, आणि रेल्वे स्टेशन म्हणजे वडसा, पार वरच्या टोकाला. वडसा-गडचिरोली 52 किलोमीटरची लाइन मंजूर आहे, काम चाललंय. भामरागड-सिरोंचाच्या माणसाला गडचिरोलीच लांब, तिथून वडसा आणखी पुढं. मी शिक्षिका आहे. सहावीला वाहतुकीबद्दल शिकवताना विचारलं, रेल्वेत कोण कोण बसलंय? बावन्न मुलांत चार हात वर. त्यातला एक म्हणाला, “मॅडम, बसलो नाही, पाहिली.” मी म्हटलं, चालेल, राहू दे हात वर.

मोतीबागचा
धागा काढणाऱ्या ताई, एक इचारतो. तो प्लॉट इकला का?

धागाकर्ती
नाही हो. परवाच विषय काढला होता. वडील म्हणाले, “घाई काय हाय? परळीपर्यंत जाऊ दे, मग भाव बघू.” पत्रक परत घडी घालून कपाटात.