सुट्टीतला पिक्चर, आणि डोक्यात सीनाच : तुमचे अनुभव लिहा

सीनाकाठची
सुट्टी संपली, डबे भरून सगळी गेली, आत्ता जरा बसलेय तर लिहिते. भाऊबीजेला चुलतदादा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं आमच्याकडं सोलापुरात आली होती. दुसऱ्या दिवशी पोरांनी पिक्चरचा हट्ट धरला म्हणून आठजण गेलो. इंटरव्हलनंतर पिक्चरमध्ये पूर येतो. हिरो उडी टाकतो, म्हातारीला खांद्यावर घेतो, म्युझिक चढत जातं, मागून शिट्ट्या. दादा माझ्या शेजारी होता, हळूच उठून बाहेर गेला. मला वाटलं फोन आला असेल. बराच वेळ आला नाही म्हणून मी गेले तर जिन्यात कठड्याला धरून उभा. म्हणाला, "एसी लई लागायलाय आत. तू जा, बघ."

दादाचं शेत माढा तालुक्यात, सीना नदीला लागून. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी सगळ्या धरणांतनं पाणी सुटलं तेव्हा माणसं आणि जनावरं वेळेवर निघाली, एवढंच हाताला लागलं. आठ दिवसांनी आम्ही गेलो तर शेतात काळी माती नव्हतीच, मांडीएवढी खरडून गेलेली, खाली नुसता मुरूम आणि गोटे. विहीर गाळानं काठोकाठ. वहिनीनं कणगीतली ज्वारी अंगणात पसरलेली, तिला बोटभर मोड आलेले आणि त्याचा आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. ती मोड आलेलीच ज्वारी हातानं निवडत बसली होती, म्हशीला तरी होईल म्हणून.

आणि जिन्यात दादाला बघितलं तेव्हा एकदम बाबा आठवले. बाबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, आजोबांच्या दोघा मुलांतले ते शहरात आले आणि काका शेतावर राहिले. मिलचा बोनस झाला की दिवाळीनंतरच्या रविवारी भागवत थेटरला पिक्चर ठरलेला. आई विड्या वळायची, त्या दिवशी सुपाला हात लावायची नाही. पण पिक्चरमध्ये मिल, भोंगा, संप असलं काही आलं की बाबा उठून बाहेर जायचे. आम्हाला वाटायचं त्यांना पिक्चर आवडला नाही.

माझं स्पष्ट मत सांगते. पिक्चरवाले पाणी चढताना दाखवतात. ओसरल्यावरचं कुणी दाखवत नाही. गाळ उपसताना, तलाठ्याची वाट बघताना, ओल्या गाद्या उन्हात टाकताना म्युझिक नसतं म्हणून का? तुमचं असं कधी झालंय का, पडद्यावरचं आणि घरातलं एकमेकांवर आदळलं असं? लिहा.

एमएच_तेरा
वाचून गप्प बसलो ताई. दादांना नमस्कार सांगा.

कडकभाकरी
पिक्चरचं नाव सांगा की

सीनाकाठची
नको, नावावरनं भांडण सुरू होईल. या एकाच पिक्चरचं नाही ते.

करमाळ्याचा
आमच्या तालुक्यात सैराटचं शूटिंग झालं तेव्हा मी कॉलेजला होतो. नागराज मंजुळे आमच्या जेऊरचेच. पिक्चर २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि आम्ही गावातली पंधराजण टेम्पोनं गेलो बघायला. पहिल्या अर्ध्यात पोरं खुर्चीवर उभी राहून नाचत होती, ही आपली विहीर, हा आपला रस्ता, नुसता दंगा. शेवटी जे झालं त्यानंतर कुणी उठलंच नाही, दिवे लागले तरी. येताना टेम्पोत एक अक्षर कुणी बोललं नाही, कारण आमच्यातल्या एकाच्या बहिणीचं लग्न तसंच, जातीबाहेर झालेलं, आणि घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती. तो टेम्पोत मागं तोंड करून बसलेला. पुढच्या आठवड्यात त्यानं बहिणीला फोन केला. एका पिक्चरनं एवढं केलं तर मी त्या पिक्चरला शंभर कोटीपेक्षा मोठं मानतो. नंतर पर्यटक यायला लागले ते वेगळंच, कमलाईच्या देवळात देवी सोडून विहिरीत फोटो काढत बसतात.

ओट्यावरून
@करमाळ्याचा बहीण आता येते का घरी?

करमाळ्याचा
येते की. यंदा भाऊबीजेला दोन्ही लेकरं घेऊन आली होती.

ओट्यावरून
बरं वाटलं ऐकून. भाजी लागली माझी, नंतर येते

पार्कचौपाटी
मी वेगळंच बोलतो, राग मानू नका. ऐतिहासिक पिक्चर लागला की थेटरात घोषणा, डोळ्यात पाणी, सगळं खरं असतं, मीपण रडतो. पण आपल्या गावाचं काय? मे १९३० मध्ये इंग्रजांनी अख्ख्या सोलापूरवर मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान, चौघं एका दिवशी. यापेक्षा मोठी गोष्ट कुठं मिळणार आहे? सुट्टीत पुण्याची भाचरं आली होती, चार हुतात्मा चौकातनं गाडी घेतली तर मोठा म्हणतो मामा हे कोण? गाडी बाजूला लावून सांगितलं. तासभर थांबलो. पोरं आइस्क्रीम विसरली.

एमएच_तेरा
डॉ. कोटणीसांवर तरी आहे पिक्चर. १९४६ चा, शांतारामांनी काढला आणि कोटणीस स्वतःच झाले. डॉक्टर आपल्या सोलापूरचे, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता बत्तिसाव्या वर्षी तिकडंच गेले. माझ्या आज्जीनं तो पिक्चर लहानपणी बघितलेला, शेवटपर्यंत सांगायची.

पार्कचौपाटी
तेच म्हणतोय ना, १९४६. त्याला झाली किती वर्षं बे.

यंत्रमाग
आमच्या पूर्व भागात पिक्चर म्हंजे तेलुगू. घरात तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्यात दोन्ही. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात, मागाच्या आवाजानं कान गेलेले, थेटरात मोठ्या आवाजात हिरोचे डायलॉग नीट ऐकू यायचे म्हणून त्यांना थेटर आवडायचं. घरात टीव्हीचा आवाज वाढवला की शेजारी ओरडायचे. आता फोनवर बघा म्हणतात सगळे, पण अण्णांना फोनवर कसं ऐकू येणार? यंदा दिवाळीत ऑर्डर कमी, बोनस निम्मा झाला तरी अण्णांना घेऊन गेलो. सगळा वेळ माझ्या मांडीवर हात ठेवून बसले होते. जीएसटीचं वाचलं का, २२ सप्टेंबरपासून शंभरपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के, वरच्याला १८ तसाच ठेवला. पण शंभरात तिकीट देणारी थेटरं राहिलीत कुठं?

कडकभाकरी
अण्णांना घेऊन गेलात हे लई भारी केलंत.

ओट्यावरून
आले परत. ताई, त्या आठवड्यात आमच्या गल्लीतनं पूरग्रस्तांना कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवली. दोन दिवस सगळ्या बायका थापतच होतो, एकीनं तर नवरात्राचे उपास असताना तव्यापुढं दिवस काढला. कुणीतरी व्हिडिओ काढून त्याला गाणं लावून टाकला. मला नाही आवडलं. भाकरी थापताना हात भाजतो ते गाण्यात येत नाही.

सीनाकाठची
@ओट्यावरून दादाच्या गावात पोचल्या होत्या भाकरी. वहिनी सांगत होती, चार दिवस चूल पेटली नव्हती, तेच खाल्लं.

ओट्यावरून
आता रडवू नका हो.

कडकभाकरी
शेंगा चटणी उखळातली का मिक्सरची?

ओट्यावरून
उखळातली. मिक्सरची भुकटी होते, तेल सुटत नाही तिला.

लांबोटी_पूल
आम्ही त्या आठवड्यात पुण्याहून येताना मोहोळला अडकलो होतो. लांबोटीला पुणे हायवेच बंद. ट्रकांची रांग बघवत नव्हती. एका ट्रकमध्ये शेळ्या होत्या, ड्रायव्हर रात्रभर त्यांना बाटलीनं पाणी पाजत होता. मला पिक्चर काढता येत असता तर मी तो काढला असता.

मदतीचं काय झालं ताई? ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी साडेअठरा हजार, हंगामी बागायतीला २७ हजार, बागायतीला साडेबत्तीस. खरडून गेलेल्या जमिनीला ४७ हजार रोख आणि वर नरेगातून तीन लाख असं होतं. दादांची जमीन खरडलीय म्हणजे ते वेगळं धरायला पाहिजे, नुसत्या पीक नुकसानीत घातलं का ते पंचनाम्यात नीट बघायला सांगा. आमच्या मेव्हण्याचं तसंच झालं, पंचनाम्यात सोयाबीन गेलं एवढंच लिहिलं, माती गेल्याचं लिहिलंच नाही. नंतर हेलपाटे घालत बसला.

सीनाकाठची
हे बरं सांगितलंत. आजच फोन करते. दादा स्वतःहून कुणाला विचारणार नाही, स्वभावच तसला. नरेगातून म्हणजे माती आणून टाकायची असं म्हणालेत ना? पण आसपास सगळ्यांचीच गेलीय तर आणायची कुठनं, हा त्याचा प्रश्न आहे. तळ्यातला गाळ मिळेल म्हणतात. वर्षांनुवर्षं शेणखत घालून केलेली माती ती, काकांनी खांद्यावर पाट्या वाहिलेल्या.

मंगळवेढ्याची_काळी
ताई मी कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. पिक्चरचं मला काही कळत नाही, पण शेतीचं विचारतो. दादांचं वरच्या अंगाचं एखादं वावर शिल्लक आहे का? ज्वारीचा टाइम गेल्यात जमा, मालदांडी आता उशिरा पडेल. पण जमिनीत ओल भरपूर आहे, हरभरा साधेल. आमच्याकडं घरचं बियाणं आहे, निवडून ठेवलेलं, दोन पोती देतो. पैशाचं काढू नका. कुठं पोचवायचं तेवढं सांगा, माढ्याकडं आमचा टेम्पो शनिवारी जातोय.

सीनाकाठची
दादा, काय बोलू. वरचं एक एकर आहे, तिथवर पाणी नव्हतं आलं. विचारून संध्याकाळी कळवते.

एमएच_तेरा
टेम्पोला हमाल लागला तर मला सांगा, शनिवारी सुट्टी आहे.

कडकभाकरी
मी पण येतो. चटणी घेऊन.

सीनाकाठची
फोन लावला, दादा रानात आहे, वहिनीनं उचलला. हरभरा म्हटल्यावर म्हणाली, "थांबा, त्यांनाच हाक मारते." हाक मारतीय ती, लांबनं ऐकू येतंय मला.