जोडीदाराला अमेरिकेत आणायचं तर टॅक्स रिटर्नवर का अडावं?

सातारा_ते_शिकागो

माझा मावसभाऊ जन्माने अमेरिकन नागरिक. शाळेपासून पुण्यात वाढला, तिथेच नोकरीला लागला, लग्नही पुण्यातल्याच मुलीशी झालं. आता दोघांना इकडे यायचंय. आय-१३०, म्हणजे जोडीदाराला आणण्याचा पहिला अर्ज, मंजूर झाला, केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली आणि आय-८६४ पाशी येऊन अडली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आय-८६४ म्हणजे येणाऱ्या माणसाचा भार सरकारवर पडू देणार नाही, असं बोलावणाऱ्याने, म्हणजे स्पॉन्सरने, लिहून दिलेलं हमीपत्र. त्यासाठी त्याचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असावं लागतं. त्याला निदान मागच्या वर्षाचा फेडरल रिटर्न जोडावा लागतो. भावाने भारतात टीडीएस कापून घेतला, आयटीआर वेळच्या वेळी भरला. अमेरिकेत एक डॉलर कमावला नाही, म्हणून तिकडे काही भरलं नव्हतं. आता कळलं की नागरिक कुठेही राहो, जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला दाखवायचं. मग राहून गेलेले रिटर्न भरण्याच्या स्ट्रीमलाइन्ड योजनेत मागचे तीन रिटर्न आणि सहा वर्षांचे एफबार, म्हणजे परदेशी बँकखात्यांचे अहवाल, भरले.

आणि एवढं करून झालं काय? परदेशात कमावलेल्या पगाराची सूट घ्यायला फॉर्म २५५५ लावला. त्याने कर शून्य झाला. पण फॉर्म १०४०, म्हणजे मुख्य रिटर्न, उघडून बघा. वर पगाराचा पूर्ण आकडा, मग शेड्यूल १ या पुरवणीतून आलेली तेवढीच वजाबाकी, आणि ओळ ९ वर, जिथे एकूण उत्पन्न येतं, तिथेही शून्य. आय-८६४ मध्ये तीच ओळ उतरवायची असते. म्हणजे ज्याच्या पगारावर पुण्यात घर चालतं, आईवडिलांचं औषधपाणी होतं, तो माणूस कागदावर निर्धन.

माझं मत स्पष्ट आहे. हमी पुढच्या वर्षांची घ्यायची आणि पुरावा मागच्या वर्षाचा मागायचा, हे अन्यायाचं आहे. नवराबायकोला तरी या अटीतून वगळायला हवं. कॅनडा बघा, तिथे जोडीदाराला आणायला साधारणपणे किमान उत्पन्नाची अटच नाही. त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही.

ऑस्टिनवासी

मी उलट बाजूचा आहे, आणि मनापासून आहे.

तुम्ही दोन गोष्टींची सरमिसळ करताय. आय-८६४ मध्ये चालू वार्षिक उत्पन्न वेगळं विचारतात आणि रिटर्नमधलं वेगळं. निर्णय मुख्यतः चालू उत्पन्नावर होतो. मागच्या वर्षी विद्यार्थी असलेला मुलगा आज पक्क्या नोकरीत असेल, तर तो ऑफर लेटर आणि पे स्टब लावतो आणि पार होतो. असे कितीतरी जण पार झालेले मी पाहिलेत.

तुमच्या भावाची खरी अडचण रिटर्न नाहीच. त्याचा पुण्यातला पगार इकडे आल्यावर थांबणार आहे, अडचण ती आहे. जे उत्पन्न त्याच स्रोतातून पुढेही चालू राहील तेच धरतात. कंपनी त्याला अमेरिकेतून काम करू देणार असेल तर तसं पत्र आणा, चित्र बदलेल. नसेल, तर ज्या घरात उद्या पगारच येणार नाही त्या घराबद्दल सरकारने आज प्रश्न विचारला, यात अन्याय कसला?

आणि अट काही आभाळाला भिडलेली नाही. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या घराला २६,४३७ डॉलर, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या सव्वापट. ब्रिटनने एप्रिल २०२४ मध्ये हीच मर्यादा १८,६०० वरून एकदम २९,००० पौंडांवर नेली. कॅनडाचा दाखला देताना तेही सांगा.

एडिसनचा_डबा

पगारदारांचं बोलून झालं असेल तर धंदेवाल्यांचंही ऐका.

मी न्यू जर्सीत पोळीभाजीचे डबे देते. ग्रीन कार्ड आहे, नवरा सांगलीला आहे, एफ२ए च्या, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या, रांगेत. माझं उत्पन्न रिटर्नमधल्या शेड्यूल सी या धंद्याच्या पुरवणीवर जातं. गिऱ्हाइकांकडून येणारा पैसा भरपूर दिसतो, पण त्यातून पीठ, भाज्या, भाड्याचं किचन, पेट्रोल, विमा वजा होतं आणि खाली उरतो तो निव्वळ नफा. आय-८६४ ला तोच लागतो. ठीक, तेही मान्य. पण डिलिव्हरीची व्हॅन घेतली त्या वर्षी डेप्रिसिएशन, म्हणजे घसाऱ्याची वजावट, मोठं लागलं. तो पैसा त्या वर्षात माझ्या हातून गेलेला नाही, हप्त्याने जातोय. कागदावर मात्र नफा खाली बसला आणि मी मर्यादेच्या खाली घसरले. व्हॅन घेतल्याने माझा धंदा वाढला की घटला? हे रिटर्न बघणाऱ्याला कुठे कळतं?

ऑस्टिनवासी

@एडिसनचा_डबा, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो. कर वाचवताना कमी उत्पन्न आणि नवरा आणताना जास्त उत्पन्न, असं दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही. डेप्रिसिएशन एकदम घ्यायचं की वर्षांवर पसरायचं, यात बहुतेक वेळा निवड असते. स्पॉन्सर करायचं हे आधीच ठरलेलं असेल, तर त्या वर्षीचा निर्णय तसा घ्यायला हवा.

एडिसनचा_डबा

निवड होती हे मला कोणी सांगितलं? रिटर्न भरणाऱ्याने विचारलं "कर किती कमी करू?" नवऱ्याचं विचारलंच नाही. दोन खिडक्या आहेत, एकीवर कर, दुसरीवर इमिग्रेशन, आणि कागद एकच. पहिल्या खिडकीवर केलेल्या कायदेशीर गोष्टीची शिक्षा दुसरीवर का? मी एक पैसा लपवलेला नाही. मर्यादा ठेवा, पण डेप्रिसिएशन परत मिळवून उत्पन्न मोजा. घराचं कर्ज देताना बँकासुद्धा तसं मोजतात.

नदीकाठची_वकील

कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालयात काम करते. इथली चर्चा वाचून राहवलं नाही, कारण सगळे स्पॉन्सरच्या बाजूने बोलताय. जी मुलगी विमानात बसणार आहे तिच्या बाजूने कोणी बोलायचं?

परदेशातल्या स्थळाच्या पगाराचा आकडा आमच्याकडे बैठकीत तोंडी सांगितला जातो. मुलीकडचे जास्त खोदून विचारत नाहीत, वाईट दिसतं म्हणून. नोकरी आहे की सुटली, डोक्यावर कर्ज किती, आधीचं लग्न आहे का, काही कळत नाही. अशा वेळी हा रिटर्न हा एकच कागद असा आहे की जो मुलाने लग्न जुळवण्यासाठी बनवलेला नसतो. सरकारपुढे शपथेवर दिलेला असतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने केस नंबर आणि इन्व्हॉइस आयडी घेऊन सीईएसी या व्हिसाच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन केलं आणि नवऱ्याने चढवलेला रिटर्न उघडला. लग्न डिसेंबरात झालेलं, रजिस्ट्रेशनही झालेलं, आणि रिटर्नच्या पहिल्याच पानावर खूण 'सिंगल'च्या चौकोनात.

यात लबाडीच असते असं नाही. बऱ्याच मुलांना वाटतं, बायको इकडे आली नाही तोवर आपण सिंगल. पण ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल, तर ते अख्खं वर्ष विवाहित म्हणूनच भरायचं. जोडीदार भारतातच असेल तर मॅरिड फायलिंग सेपरेटली, म्हणजे विवाहित पण रिटर्न वेगळा, आणि तिच्या नंबराच्या जागी एनआरए, म्हणजे अनिवासी परदेशी. नाहीतर तिला करापुरती रहिवासी मानून जॉइंट, म्हणजे दोघांचा एकत्र. चुकलं असेल तर १०४०-एक्स भरून दुरुस्त होतं. पण व्हिसा अधिकाऱ्याच्या हातात एकीकडे लग्नाचा दाखला आणि दुसरीकडे 'सिंगल' असा रिटर्न पडला, तर तो लग्नाच्या खरेपणाबद्दल विचारणारच. आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीसमोर त्या प्रश्नाला उत्तर द्यायला ती एकटी उभी असते.

म्हणून मी म्हणते अट काढू नका, उलट कडक करा. रिटर्नची प्रत येणाऱ्या जोडीदाराला तिच्या भाषेत समजावून देणं बंधनकारक करा.

सातारा_ते_शिकागो

@नदीकाठची_वकील, तुमचा मुद्दा पटला आणि रिटर्न जोडीदाराला दाखवायला माझी काहीच हरकत नाही. पण दाखवणं वेगळं आणि त्यावरून दोघांना वर्ष-वर्ष लांब ठेवणं वेगळं. पगार लपवणाऱ्याला पकडायला केलेली अट पगार न लपवणाऱ्या माझ्या भावाला अडवतेय. त्याची बायको त्याच्याच घरात राहते, त्याचा पगार तिला पैशापैशाने ठाऊक आहे.

नदीकाठची_वकील

हमीपत्राची दुसरी बाजूही बघा. आय-८६४ हा स्पॉन्सर आणि अमेरिकी सरकार यांच्यातला करार आहे, पण आलेला जोडीदारही त्यावरून कोर्टात जाऊ शकतो. घटस्फोटाने तो संपत नाही. ती नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाचे ४० तिमाही जमा झाले, ती देश कायमचा सोडून गेली किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तरच संपतो. २०१२ मध्ये तिथल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तर म्हटलं की तिने नोकरी शोधली नाही म्हणून स्पॉन्सरची जबाबदारी कमी होत नाही. आता सांगा, ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्याकडून अशी हमी घेऊन तिला काय मिळणार? अट काढली तर तिच्या हातातला हा कागदही जाईल.

मात्र हे सगळं ग्रीन कार्ड मिळाल्यानंतरचं. लग्न करून मुलगा निघून गेला आणि हिला इथेच ठेवलं, तर या हमीचा तिला काडीचा उपयोग नाही. पालकांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

ब्रॅम्प्टनकर

माझ्या देशाचा विषय निघालाय म्हणून थोडक्यात. कॅनडात जोडीदारासाठी किमान उत्पन्न नाही हे खरं, पण सरकारी मदतीवर जगणारा माणूस, अपंगत्वाचं कारण सोडलं तर, स्पॉन्सर करू शकत नाही. आमची जबाबदारी जोडीदार पर्मनंट रेसिडेंट झाल्यापासून तीन वर्षांची. घटस्फोट झाला तरी ती तीन वर्षं सुटका नाहीच, पण शेवट कधी ते पहिल्या दिवशी माहीत असतं. अमेरिकेच्या हमीला अशी तारीखच नाही. मला त्यांच्या पद्धतीतली खरी चूक ती वाटते. रिटर्न मागण्यात मला काही वावगं दिसत नाही.

ऑस्टिनवासी

@सातारा_ते_शिकागो, भावाला रस्ते आहेत, ते आधी बघा. उत्पन्न शून्य धरलं तरी मालमत्ता चालते. नागरिकाच्या जोडीदारासाठी कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट, म्हणजे इथे ७९,३११ डॉलर. ग्रीन कार्डवाल्याला हेच पाचपट लागतं. पुण्यातला फ्लॅट, एफडी, शेअर्स, वर्षभरात रोख होण्यासारखं आणि देशाबाहेर नेता येण्यासारखं काहीही धरता येतं. बायकोच्या नावावरचंही धरता येतं.

तेही नसेल तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी देणारा दुसरा माणूस. इकडे तुमचेच काका आहेत ना?

सातारा_ते_शिकागो

काकांचं निघालंच आहे तर सांगतो. त्यांच्या घरात चार माणसं. आजी-आजोबांसाठी त्यांनी पूर्वी आय-८६४ वर सही केलेली आहे आणि ती जबाबदारी अजून चालू आहे, म्हणून ते दोघेही मोजायचे. त्यात माझी वहिनी धरून सात. त्याच तक्त्याप्रमाणे सातांसाठी ६०,८१२ डॉलर. तेवढं त्यांचं उत्पन्न आहे, प्रश्न तो नाही.

प्रश्न असा की त्यांचा रिटर्न भावाच्या केसमध्ये चढणार, म्हणजे त्यांचा पगार, भाड्याचं उत्पन्न, सगळं भाऊबंदांपुढे उघडं. गावाकडच्या जमिनीचा वाद अजून मिटलेला नाही. त्यात कोणाची कमाई किती हे कळलं तर पुढे काय होईल, ते मराठी घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. शिवाय उद्या या दोघांचं बिनसलं तरी काकांची सही कायम. पत्ता बदलला तरी तीस दिवसांत आय-८६५ भरून कळवायचं. ते सत्तरीकडे झुकलेत. मी कोणत्या तोंडाने त्यांना सही करा म्हणू?

आणि काकांनी सही केली तरी भावाला स्वतःचा आय-८६४ आणि शून्याचा रिटर्न द्यावाच लागतो. तो सुटत नाही.

एडिसनचा_डबा

मला माझ्या जाऊबाईंनी जॉइंट स्पॉन्सर व्हायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. सांगलीत सासूबाई आजारी असतात, दोन्ही घरांचा पैसा एकमेकींत अडकलेला आहे, त्यात ही हमी नको होती. यंदाचा रिटर्न नव्याने बसून केला, डेप्रिसिएशन पसरून घेतलं. कर जास्त भरला, पण नफ्याचा आकडा मर्यादेच्या वर आला. @ऑस्टिनवासी म्हणतात ते करून बघितलं, पण माझं मत बदललेलं नाही. ज्याला वर्षभर आधी हे माहीत असतं तोच यातून सुटतो. नव्याने धंदा टाकणाऱ्या बाईला कोण सांगणार?

ऑस्टिनवासी

तेवढं मान्य. ही माहिती आधी मिळत नाही, आणि मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत कर आणि इमिग्रेशन यांची सत्रं वेगवेगळी होतात. पण नियम नीट सांगितला जात नाही म्हणून नियमच रद्द करा, हे मला पटत नाही.

@सातारा_ते_शिकागो, एक बाब तपासून घ्या. भावाने यापुढे "मला रिटर्न भरायची गरजच नव्हती" असा खुलासा चुकूनही जोडू नये. परदेशी जोडीदार असलेल्या नागरिकाने सेपरेट भरायचं तर ज्या उत्पन्नापासून रिटर्न भरावाच लागतो ती मर्यादा पाच डॉलर आहे. पाच हजार नव्हे, पाच. आणि रिटर्नची प्रत लावायची तर सोबत डब्ल्यू-२ आणि १०९९, म्हणजे पगाराचे आणि इतर उत्पन्नाचे दाखले, लागतील. त्यापेक्षा आयआरएसचं, म्हणजे अमेरिकी कर खात्याचं, ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा अधिकृत उतारा) काढा, सुटसुटीत होतं.

सातारा_ते_शिकागो

ट्रान्सक्रिप्टची विनंती पाठवली आहे. भावाच्या कंपनीकडे अमेरिकेतून काम करू देण्याचं पत्र मागितलंय, त्यांनी नाही म्हटलेलं नाही. वहिनीच्या नावावरच्या एफडी आणि फ्लॅटचं मूल्यांकन दुसरीकडे चालू आहे. काकांना मी विचारणार नाही.

मत मात्र तेच. ज्याने एका देशात प्रामाणिकपणे कर भरला, त्याचं उत्पन्न दुसऱ्या देशाने निदान त्याची कमावण्याची ताकद म्हणून तरी मोजावं. पत्र मिळालं तर मुंबईच्या मुलाखतीत त्याला किती वजन देतात ते इथे येऊन लिहीन.