शब्दचर्चा: लूपला 'आवर्तन' म्हणावं का? आणि मोमेंटरी-लॅचचं काय?

पेटीवाला
लूपरला मिडी (वाद्यांनी एकमेकांना हुकूम पाठवायची भाषा) फूट-कंट्रोलर कसा जोडायचा, याची मराठीत टिपणं लिहितोय, आमच्या वर्गातल्या मुलांसाठी. लूपर म्हणजे वाजवलेलं तिथल्या तिथे मुद्रित करून फिरवत ठेवणारं यंत्र. आमच्याकडे बॉसचा आरसी-५०५ आहे. पाच ट्रॅकचा, टेबलावर ठेवून हातानं चालवायचा. पण पेटी वाजवताना एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. मग बटण दाबणार कोण? म्हणून पायाखाली कंट्रोलर. त्यातून आवाज जात नाही, नुसते हुकूम जातात.

चॅनेल, ट्रॅक, सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे बटणाचा आकडा नेणारा मिडी हुकूम) हे शब्द आहेत तसेच ठेवणार आहे, ते सगळ्यांच्या तोंडात बसलेत. अडलोय दोन ठिकाणी. लूपला 'आवर्तन' चालेल का? आणि बटणाच्या दोन तऱ्हा, मोमेंटरी आणि लॅच, यांना काय म्हणावं?

तबलजी
पेटीवाले, लूपला आवर्तन म्हणू नका. आवर्तन तालाचं असतं. तीनतालाचं सोळा मात्रांचं, मग तुम्ही वाजवा की गप्प बसा. लूप मात्र तुमचा पाय पडला की सुरू होतो आणि पुन्हा पडला की बंद होतो. साडेतेराव्या मात्रेला पाय पडला तरी यंत्र तेवढंच निमूट फिरवत बसेल. त्याला आवर्तन म्हटलं तर मुलांच्या मनातला आवर्तनाचा अर्थच ढिला होईल.

आपल्याकडे लूपच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार म्हणजे लेहरा. तबल्याच्या सोलोला पेटीवाला किंवा सारंगिया एका आवर्तनाची सुरावट तासभर न ढळता फिरवतो, तेच की.

पेटीवाला
लेहरा ऐकून बरं वाटलं, पण त्याला सुरावट लागते. नुसत्या टाळ्या किंवा चिपळ्या लूप केल्या तर त्याला लेहरा कसं म्हणू?

भाषांतर करणारी
कोशात 'वेटोळं', 'फास' असे शब्द मिळतील, पण ते दोरीचे, सापाचे. त्यांत काळ नाही. मला वाटतं घोळ वेगळाच आहे. इंग्रजीत एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात: मुद्रित झालेली वस्तू, आणि ती एकदा फिरून येणं. मराठीत ही फोड सहज करता येते. वस्तू म्हणजे लूप, तिचं एकदा फिरणं म्हणजे फेरा. "दोन फेरे होऊ दे, मग गायला सुरुवात कर." हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

तबलजी
फेरा पटला. आणि लूप तालात बांधलेला असेल तर 'एका आवर्तनाचा लूप', 'चार आवर्तनांचा लूप' असं म्हणा. तिथे आवर्तन माप म्हणून येतं, ती त्याची हक्काची जागा आहे. शिकवतानाही उपयोग होईल. नवीन मुलगा समेवर पाय टाकून मुद्रण सुरू करतो आणि सोळावी मात्रा आली की लगेच दुसऱ्यांदा टाकतो. लूप होतो पंधरा मात्रांचा, मग पुढचं सगळं लंगडतं. त्याला 'सम ते सम' एवढंच सांगा. पुढच्या समेला पाय. तालात वाढलेल्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही.

भाषांतर करणारी
मिडी क्लॉकचं, म्हणजे यंत्रांची लय जुळवणाऱ्या ठोक्यांचं, लिहिणार असाल तर एक हिशोब टाका. तो दर बीटला २४ ठोके पाठवतो. एक बीट म्हणजे एक मात्रा धरली तर तीनतालाचं आवर्तन ३८४ ठोक्यांचं. मुलांना ते आवडेल.

पेटीवाला
टाकतो. आता मोमेंटरी-लॅच. हे मला नीट लिहायचंच आहे, कारण याच्यामुळे माझा एक अख्खा कार्यक्रम बिघडला होता. मोमेंटरी बटण दाबताना १२७ हा आकडा पाठवतं, सोडताना ०. लॅच बटण एका दाबाला १२७ पाठवतं आणि पुढच्या दाबाला ०. माझा लूपर दर १२७ ला एक पायरी पुढे जात होता: मुद्रण, मग वाजवणं, मग वरून भर. कंट्रोलर राहिला होता लॅचवर. पहिल्या दाबाला मुद्रण सुरू झालं. दुसऱ्या दाबाला ० गेला, लूपरनं तो सोडून दिला आणि मुद्रण चालूच राहिलं. मी भांबावून हात थांबवला, तर ती शांतताही लूपमध्ये गेली.

ध्वनिसंयोजक
लॅचला 'खटका' म्हणा. दिव्याचा खटका.

पेटीवाला
खटका म्हटलं की बटण खाली बसतं असं वाटतं. माझ्या कंट्रोलरचं बटण दोन्ही तऱ्हांत वरच येतं, फरक फक्त पाठवलेल्या आकड्यात आहे. बोटाला तो कळतच नाही, म्हणून तर माझी फसगत झाली.

भाषांतर करणारी
मग नाव बटणाला देऊ नका, वागण्याला द्या. दाराच्या बेलसारखं आणि दिव्यासारखं. बेल दाबली तेवढीच वाजते, दिवा पुन्हा दाबेपर्यंत राहतो. "लूपर स्वतः पायऱ्या मोजत असेल तर कंट्रोलर बेलसारखा ठेवा." वाक्य लांबतं, पण चुकणार नाही.

पेटीवाला
हेच घेतो. आणि ओव्हरडबला, म्हणजे वरून घातलेल्या भरीला, 'थर', कारण अनडूला मग आपोआप 'वरचा थर काढणे' म्हणता येतं. टिपणाचं पहिलं पान आज रात्री पुन्हा लिहितो.

तबलजी
थर चालेल. फक्त तिसऱ्या थरानंतर तबल्याला जागा ठेवा.