मेक्सिकोत कानकुन-तुलुमकडे गेलेल्यांनी इकडे या: समुद्र, पिरॅमिड, सेनोटे (जमिनीखालच्या पाण्याच्या विहिरी), काय काय केलंत?

रानजाई
आत्ताच भाचीचा डॅलसहून फोन येऊन गेला, डिसेंबरच्या सुट्टीत कानकुनला निघालेत, म्हणे मावशी रिसॉर्टमधून बाहेर पडण्यासारखं आहे का ग तिथे काही? आणि मला एकदम तुलुमच आठवलं, तिथल्या मूळच्या माया लोकांचं समुद्राकाठचं जुनं गाव. सासूबाई तेव्हा आमच्याकडे ह्यूस्टनला होत्या, अमेरिकेचा व्हिसा चालू होता म्हणून मेक्सिकोचा वेगळा काढावा लागला नाही, नाहीतर त्या येऊच शकल्या नसत्या. सकाळी गेट उघडायच्या आधीच आम्ही रांगेत, कारण दहानंतर तिथे ऊन पण सोसत नाही आणि टूरच्या बसेस पण येऊन थडकतात. तीन बाजूंनी दगडी तटबंदी आणि चौथीकडे कडा, खाली थेट समुद्र! सासूबाई मूळच्या मुरुडच्या, कड्यावर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "अगं हे देवळांचं गाव नाही नुसतं, हे बंदर आहे, इथे माल उतरत असणार." गाईडने मान डोलावली. मीठ, मध, कोको, काचेसारखा काळा ज्वालामुखीचा दगड, सगळं होड्यांतून इथे यायचं. समोर पाण्याखाली प्रवाळाची लांबच लांब रांग आहे, तिच्यात एक खिंड आहे, आणि कड्यावरच्या मोठ्या इमारतीच्या खिडक्यांत दिवे लावून नावाड्यांना ती खिंड दाखवत असावेत असं सांगतात. १५१८ साली स्पॅनिश जहाजं या किनाऱ्यावरून गेली तेव्हा इथे माणसं राहत होती!
दारावर एक देव कोरलाय, डोकं खाली पाय वर, आकाशातून सूर मारून येतोय असा. त्याच्यासमोरून सासूबाई हलेचनात.
तर तुमचे अनुभव येऊ द्या. भाचीला सगळं वाचायला देणारे.

कोकणकडा
चिचेन इत्झा राहिलं की, मायांचं जुनं शहर! मोठ्या पिरॅमिडच्या जिन्यासमोर उभं राहून टाळी वाजवायची, परत येतो तो आवाज टाळीचा नसतोच, पक्षी ओरडल्यासारखा चिर्रर्र असा येतो. आमची दोन्ही पोरं तिथून निघायलाच तयार नव्हती. चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक, म्हणजे ३६५. वर चढू देत नाहीत आता. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास संध्याकाळच्या उन्हात जिन्याच्या कठड्यावर सावलीचा साप उतरतो, पण तेव्हा गर्दी अफाट. रविवारी पण जाऊ नका, मेक्सिकन लोकांना त्या दिवशी तिकीट माफ असतं, सगळी गावं लोटतात (आणि लोटावीतच, त्यांचंच आहे ते).
अजून एक, कानकुन क्विंताना रो राज्यात आणि चिचेन युकातानमध्ये, घड्याळ एक तास मागे जातं. सकाळी निघणाऱ्याला तो तास फुकट मिळतो 😀

दोन_वेण्या
व्हिसाचं नीट लिहा ना कोणीतरी, माझी आई येतेय

रानजाई
@दोन_वेण्या अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा पासपोर्टवर असला की टूरिस्ट म्हणून चालतं, ग्रीन कार्डवाल्यांना पण. तरी निघायच्या आधी मेक्सिकोच्या वकिलातीच्या साइटवर बघून घे, नियम बदलतात.

पाणबुड्या
सेनोटे!!! बाकी सगळं एकीकडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अख्खं युकातान चुनखडीचं आहे, वर एक धड नदी दिसत नाही, सगळं पाणी जमिनीखालून वाहतं, आणि जिथे छत कोसळलं तिथे विहीर उघडी पडली ती सेनोटे. माया लोक हेच पाणी प्यायचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो दगड पडून डायनासोर गेले तो तिथेच चिक्शुलुबला पडला, त्याच्या खड्ड्याच्या कडेने सेनोटेंची अर्धगोल रांगच आहे.
मी दोस ओहोस नावाच्या सेनोटेमध्ये डाइव्ह केलं. वर गोडं पाणी, खाली समुद्राचं खारं, आणि दोन्ही भेटतात तिथे एकदम सगळं धूसर होतं, पुढच्याचे फिन्स हलताना दिसतात पण पाय कुठे संपतो ते कळत नाही. हात वर केला की हात स्वच्छ, खाली नेला की धुरकट. तिथल्या एका पाण्याने भरलेल्या गुहेत १२-१३ हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा सांगाडा सापडलाय, तेव्हा त्या गुहा कोरड्या होत्या. मला डाइव्हभर तीच आठवत होती, पाणी नसताना इथून चालत गेली असेल म्हणून.
डाइव्ह येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून नुसतं तरंगा. पाणी बारा महिने गार. उतरायच्या आधी शॉवर घ्यायला लावतात, सनस्क्रीन पुसून जायचं, बंद पाणी आहे ते, लोकांनी लावलेलं सगळं तिथेच राहतं. पोहताना फुल बाह्यांचा टीशर्ट घाला, क्रीमची गरजच नाही.

दोन_वेण्या
बाप रे, वाचूनच काटा आला. आईला तरंगायला लावू का? साठी उलटलीये, विहिरीत पोहलेली आहे लहानपणी

पाणबुड्या
मग तर ती तुझ्या पुढे जाईल. लाकडी जिना नीट असलेलं सेनोटे निवडा, काही ठिकाणी पायऱ्या फार निसरड्या आहेत.

मीठभाकर
शाकाहारींनी काय खायचं ते मी सांगते कारण आम्ही चौघं तिथे भरपूर जेवलो. बीन्स मागताना "सिन मांतेका" म्हणायचं, नाहीतर डुकराची चरबी असते त्यात. वायादोलिद शहरात एका घरगुती खानावळीत बाईंनी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवलेला दाखवला, सकाळी धुऊन साल काढून दळायचा, मग हाताने थापून तव्यावर. चुन्याने मका पचतो आणि अंगी लागतो, हजारो वर्षं करतायत ते. माझ्या हातून एक थापून घेतली, खूप हसल्या, माया भाषेत जावेशी काहीतरी बोलल्या. ही माणसं "नाहीशी झाली" असं आपण शाळेत वाचतो त्याचा मला तिथे राग आला. लाखो लोक आहेत, घरात तीच भाषा बोलतात.
हाबानेरो मिरचीची जहाल चटणी वेगळ्या वाटीत येते, बोटाने चाखू नका आणि तोच हात डोळ्याला लावू नका. संध्याकाळी चौकात मार्केसिता खा, कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं एडम चीज.

तीन_विसा
माया आकडे बघितले का कोणी? टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. सगळं विसाच्या पटीत. आमचे आजोबा बाजारात तीन विसा चार विसा असंच मोजायचे. त्यांनी शून्य स्वतःचं स्वतः काढलं हे मुलांना तिथे उभं करून सांगा.

कोकणकडा
हो हो, आमच्याकडे नारळ अजून तसेच मोजतात म्हातारे

सावंतवाडी_टू_शिकागो
बीचबद्दल कोणी खरं सांगत नाहीये. आम्ही जूनमध्ये गेलो, किनारा सगळा तपकिरी शेवाळाने भरलेला, सरगॅसम म्हणतात, कुजल्यावर अंडी नासल्यासारखा वास. २०११ पासून येतंय हे मोठ्या प्रमाणात, साधारण एप्रिल ते ऑगस्ट जास्त. रोज पहाटे माणसं दाताळ्यांनी ओढत असतात, उन्हात, बघवत नाही. मग कोझुमेलला गेलो फेरीने, बेटाच्या पश्चिमेला पाणी एकदम स्वच्छ. डिसेंबरवाल्यांना एवढा त्रास नाही.
आणि कानकुन एअरपोर्टवर बाहेर पडेपर्यंत कोणाशी थांबून बोलू नका, टॅक्सी देतो म्हणून टाइमशेअर (सुट्टीच्या घरातला वाटा) विकतात. भाड्याच्या गाडीचा पण ऑनलाइन भाव वेगळा आणि काउंटरवर इन्शुरन्स धरून वेगळा, तो आधी विचारा.

रानजाई
@सावंतवाडी_टू_शिकागो हे बरं झालं लिहिलंत

वाळूतली_पावलं
अकुमाल. कासवं. तळाशी समुद्री गवत आहे ते खायला हिरवी कासवं येतात, वरून तरंगत बघायचं, हात लावायचा नाही, मागे लागायचं नाही. एक कासव श्वास घ्यायला माझ्या अगदी बाजूने वर आलं, नाकातून फस्स केलं, परत खाली जाऊन चरायला लागलं. त्याच पट्ट्यात श्कासेलचा किनारा आहे, मे ते ऑक्टोबर कासवं अंडी घालतात, तिथे हॉटेलं बांधू दिलेली नाहीत. फार बरं वाटलं.

मीठभाकर
आपलं कोकणातलं वेळास पण जाऊन आलीस ना?

वाळूतली_पावलं
तिथूनच तर नाद लागला! ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सोडतात सकाळ-संध्याकाळ. यंदा मार्चमध्ये परत जायचंय

कोकणकडा
मार्च म्हणजे कधी? आम्ही पण येतो. राहायचं कसं असतं तिकडे

वाळूतली_पावलं
गावातल्या घरांतच राहायचं, जेवण त्यांच्याकडेच, उकडीचे मोदक सांगून ठेवावे लागतात. मंडणगडवरून रस्ता आहे. पिल्लं कधी बाहेर येतील ते घरट्यावर असतं म्हणून आधी फोन करून निघायचं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देते.

दोन_वेण्या
मला पण व्यनि, आई तोवर इकडून परत गेलेली असेल