शेजारच्या शाळेला ऐकणारी माणसं हवीत

सी-३०१ ताई: नमस्कार मंडळी. काल आपल्या मागच्या जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. मी पालक सदस्य म्हणून होते. लिफ्टमध्ये बरेच जण विचारतात, "शाळेत काय चाललंय?" म्हणून इथे एकदाच लिहिते.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, सकाळी दहा वाजता, सोसायटीतल्या बायकांना खास आमंत्रण आहे. २६ जानेवारीला झेंडावंदन, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मैदानावर खेळांच्या स्पर्धा. फेब्रुवारीत जंतनाशक गोळ्या आणि स्नेहसंमेलन. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ चा विज्ञान दिन लागून येतात, म्हणून बाईंनी दोन्ही मिळून एकच कार्यक्रम ठरवलाय: प्रत्येक गटाला प्रयोगाची कृती लिहिलेला कागद मिळणार. ती मुलांनी स्वतः वाचायची आणि जे लिहिलंय तेच करून दाखवायचं. बाई मध्ये काही सांगणार नाहीत. मला ही कल्पना फार आवडली.

एक विनंतीही आहे, ती सविस्तर लिहायची आहे. मुलीला झोपवून येते.

ए-१०२ काका: ताई, माहितीबद्दल धन्यवाद. स्नेहसंमेलनाच्या तालमीचं काय? गेल्या वर्षी भर दुपारी स्पीकर लावायचे. आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिला त्रास होतो.

सी-३०१ ताई: काका, हा विषय मी स्वतःच बैठकीत काढला. तालीम वर्गात होईल, मोबाइलवर गाणं लावून. स्पीकर फक्त रंगीत तालमीला आणि कार्यक्रमाच्या दिवशी, आणि त्याचं तोंड मैदानाकडे. तरीही त्रास झाला तर मला फोन करा, मी लगेच जाऊन सांगेन.

ए-१०२ काका: मग काही हरकत नाही. मुलांनी नाचावं, गावं. बघायला मीही येईन.

डी-४०३ दादा: ताई, विनंती म्हणजे वर्गणी असेल तर मोकळेपणाने सांगा. माझी मुलं त्या शाळेत नाहीत, पण मी मोठा टीव्ही द्यायला तयार आहे.

सी-३०१ ताई: दादा, तुमचं मन मोठं आहे. पण टीव्ही शाळेत आहे आणि चालू स्थितीत आहे. नाहीत ती माणसं. मुलं वाचत असताना शेजारी बसून ऐकणारी माणसं.

शाळेचा पट ७४ आहे आणि शिक्षक तीन. हे नियमाला धरूनच आहे. शिक्षण हक्क कायद्यात ६० पर्यंत मुलांना दोन आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक ठरवून दिलेत. पण वर्ग चार! म्हणजे एका बाईंकडे दोन वर्ग येणारच. आपल्या इथे दुसरी आणि तिसरी एकत्र बसतात, दोन्ही मिळून ३८ मुलं. चाळीस मिनिटांच्या तासात बाईंनी प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घ्यायचं म्हटलं, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येतं. तेही दुसरं काहीच शिकवलं नाही तर. बाई जीव तोडून शिकवतात, पण मिनिटं कुठून आणणार?

आणि बऱ्याच घरी संध्याकाळी ऐकायला कोणी नसतं. आईवडील बांधकामावर किंवा कंपनीत, घरी येईपर्यंत मुलं पेंगुळलेली.

ई-२०२ वहिनी: पण दुसरी-तिसरीतली मुलं वाचत असतीलच ना? एवढं काय ऐकायचं असतं त्यात?

सी-३०१ ताई: वहिनी, परवा पाहिलेलं सांगते. दुसरीतला एक मुलगा माझ्याजवळ बसून वाचत होता. बोट ओळीखाली. काना-मात्रेचे शब्द भराभर गेले. मग 'सूर्य' आला आणि बोट थांबलं. आधी "सूरय" म्हणाला, मग "सूय". त्या रफाराची गंमतच आहे. तो बसतो 'य'च्या डोक्यावर आणि म्हणायचा मात्र 'य'च्या आधी. मी गप्प राहिले. तो तसाच पुढे गेला, "उगवला" वाचलं, आणि एकदम मागे येऊन म्हणाला, "सूर्य उगवला!" माझ्याकडे बघितलं, हसला आणि पुढची ओळ घेतली.

यात मी काहीच शिकवलं नाही. पण वर्गात तो अडला असता तर बाजूच्या चार मुलांनी शब्द सांगून टाकला असता आणि त्याला तो कधीच स्वतः सापडला नसता. एवढंच काम आहे: त्याचा शब्द त्याला सापडेपर्यंत थांबायचं.

बी-२०४ काकू: अगदी बरोबर बोललीस बाळा. मी तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. तरी नाही आलं तर शब्द तोडून दाखवा, जोडाक्षर बोटाने झाकून आधीचा भाग वाचायला सांगा. मग आख्खं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या, नाहीतर अर्थ निसटतो. वाचून झालं की एक साधा प्रश्न विचारा, "मग त्या माकडाचं काय झालं?" उत्तर आलं तर वाचलं, नाही आलं तर नुसती अक्षरं उच्चारली.

आणि एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. धडा पाठ असतो. मूल घडाघडा म्हणतं, आपण खूश होतो, आणि त्याचे डोळे असतात खिडकीबाहेर. अशा वेळी रागवायचं नाही. पानाच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हा कुठला?" विचारायचं. किंवा त्याने कधी न पाहिलेलं पुस्तक उघडायचं. मग खरं कळतं आपण कुठे आहोत.

"तुझी मैत्रीण बघ कशी वाचते" हे वाक्य मात्र कधीही, कुणापुढेही नको. त्याने आवाज बारीक होतो आणि मग वर्षभर मोठा होत नाही.

डी-४०३ दादा: काकू, हे मी जपून ठेवतो. ताई, हे फक्त आपल्याच शाळेत आहे की सगळीकडे असंच?

सी-३०१ ताई: सगळीकडे आहे दादा. 'असर' नावाचं सर्वेक्षण असतं, 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चालू आहे. घरोघरी जाऊन मुलासमोर एक कागद ठेवतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. सरकारी आणि खासगी शाळा दोन्ही धरून. म्हणजे चारातली जवळजवळ तीन मुलं तिसरीत येऊनही मागेच.

सरकारनेही २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, यासाठी. मला तिसरीचीच काळजी वाटते ती म्हणूनच. चौथीत परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळंच वाचून समजायचं असतं. ज्याला वाचता येत नाही त्याला मग गणितही येत नाही, आणि सगळे म्हणतात मुलगा गणितात कच्चा.

ई-२०२ वहिनी: हे माझ्या घरचं आहे ताई. आमचा तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. मराठी विषय शाळेत आहे, २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांत सक्तीचा झालाय, पण हा परीक्षेपुरतं उत्तर पाठ करतो. आजोबांनी दिलेलं गोष्टीचं पुस्तक तसंच पडून आहे. त्याला घेऊन आले तर चालेल का?

सी-३०१ ताई: नक्की आणा! मुख्याध्यापिकांना मी विचारते, पण त्या नाही म्हणणार नाहीत. तिथल्या मुलांबरोबर बसू दे. एक पान त्याने, एक पान दुसऱ्याने.

एफ-६०१ दादा: मुद्दा पटला. पण आपण बाहेरची माणसं उठून वर्गात जाऊन बसणं शाळेला चालतं का? तुमची मुलगी तिथे शिकते म्हणून तुम्ही समितीत आहात.

सी-३०१ ताई: योग्य प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. शाळेचा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम. त्या आराखड्यातच आम्ही हा वाचनाचा अर्धा तास घातलाय आणि कालच्या बैठकीत ठराव झालाय. म्हणजे कुणी आपल्या मनाने जाणार नाही. शनिवारी 'आनंददायी शनिवार' असतो, दप्तर नसतं, त्यामुळे साडेनऊ ते दहा ही वेळ मिळाली.

पण मुलांच्या बाबतीत ढिलाई नको, म्हणून नियम कडक आहेत. ओळखपत्र दाखवून नोंदवहीत सही. बसायचं व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर, बंद खोलीत नाही. एका वेळी दोन मोठी माणसं एकमेकांना दिसतील अशी. खाऊ, पैसे, भेटवस्तू काहीही द्यायचं नाही. आणि मुलांचे फोटो काढायचे नाहीत.

एफ-६०१ दादा: फोटो अजिबात नाहीत? चांगल्या कामाचा एखादा फोटो ग्रुपवर टाकला तर आणखी चार जण येतील.

बी-२०४ काकू: नको रे. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा फोटो त्याच्या आईवडिलांना न विचारता शंभर घरांत का जावा? आपल्या नातवंडाचा गेला तर आवडेल का? येणारे फोटोशिवाय येतील.

एफ-६०१ दादा: पटलं काकू. माझं नाव घ्या. दुसरा आणि चौथा शनिवार.

बी-१०५ आजी: मी नातीकडून लिहून घेते आहे. मला पण यायचं होतं पण मी चौथीच शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडच्या गावात होती. भावाला पाठवलं, मला नाही. पावसात नदीला पूर यायचा म्हणून नाही म्हणाले. पण भाऊ तर जायचाच. मी रोज पोथी वाचते, पेपर पण वाचते. माझ्याजवळ मुलं बसतील का?

सी-३०१ ताई: आजी, तुमच्याजवळच बसतील! ऐकायला चौथी भरपूर झाली. आणि तुम्ही ३ जानेवारीलाही याच. दरवर्षी मुली सावित्रीबाईंचा वेष करतात आणि पाठ केलेलं भाषण म्हणतात. यंदा बाईंना वाटतंय की १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, हे नुसतं सन सांगून मुलींना काही कळत नाही. म्हणून सोसायटीतल्या आणि वस्तीतल्या आज्यांनी येऊन आपली शाळा कशी होती, किती शिकता आलं आणि का थांबलं, ते सांगायचं. नदीची गोष्ट जशी इथे सांगितलीत तशीच सांगा. चौथीतल्या मुली तुमच्यापुढेच बसलेल्या असतील, त्यांना पुढच्या वर्षी पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत जायचंय.

बी-१०५ आजी: माईकवर बोलायचं असेल तर मला भीती वाटते.

सी-३०१ ताई: माईक नाही आजी. वर्गात गोल करून बसायचं.

बी-१०५ आजी: मग येते.

ए-५०१ डॉक्टर: उशिरा वाचलं. गोळ्यांबद्दल थोडं लिहितो, कारण दरवर्षी याच ग्रुपवर भीतीचे संदेश फिरतात. शाळेत देतात ती अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. चावून खायची, आख्खी गिळायची नाही. राष्ट्रीय पातळीवर हा दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट असा असतो, शाळेतली नेमकी तारीख आरोग्य केंद्र कळवेल. जंत पोटात असतील तर गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. मूल त्या दिवशी आजारी असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर बाईंना आधी सांगा. जंतांमुळे रक्त कमी होतं आणि मूल सुस्तावतं, त्यामुळे हाही अभ्यासाचाच भाग समजा. त्या दिवशी मी दवाखान्यात जाण्याआधी तासभर शाळेत थांबेन.

ए-१०२ काका: डॉक्टर, फार बरं झालं. आमच्या कामवाल्या मावशी मुलाला त्या दिवशी घरीच ठेवतात. त्यांना हे वाचून दाखवतो.

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. खेळांच्या दिवशी मैदानालगतच्या गेटसमोर गाड्या लावू नयेत, मुलांची रांग तिथूनच जाते. वॉचमनला सांगितलं आहे. आपल्या वाचनालयाच्या कपाटातली लहान मुलांची पुस्तकं कोणी नेत नाही. कमिटीची हरकत नसेल तर ती शाळेला वापरायला देऊ.

बी-२०४ काकू: द्याच, पण आधी मी चाळते. ज्यांची अक्षरं बारीक आणि वाक्यं लांब आहेत ती बाजूला काढू. दुसरीच्या मुलाला पानावर तीन-चार ओळी आणि मोठं चित्र हवं.

डी-४०३ दादा: मग टीव्हीऐवजी अशी पुस्तकं मी घेतो. काकू, यादी कराल? आणि माझं नाव पहिल्या शनिवारी लिहा.

बी-२०४ काकू: आज रात्रीच करते.

सी-३०१ ताई: आत्तापर्यंतची नावं: बी-२०४ काकू, बी-१०५ आजी, डी-४०३ दादा, एफ-६०१ दादा, ई-२०२ वहिनी आणि मुलगा. एवढ्यांत प्रत्येकी तीन मुलं धरली तरी ३८ होत नाहीत. आधी तिसरी घेऊ, म्हणजे वर्ष संपायच्या आत त्यांना जास्तीत जास्त शनिवार मिळतील. दुसरीसाठी आणखी माणसं लागतीलच. एकदा येऊन मग बंद करू नका, मुलं वाट बघत बसतात. महिन्यातून एकच शनिवार जमणार असेल तर एकच सांगा, पण तो पाळा.

ए-१०२ काका: आईजवळ बहीण दर तिसऱ्या शनिवारी असते. तो माझा.

सेक्रेटरी: यादी मुख्याध्यापिकांकडे उद्या सकाळी देतो. पहिल्या गटाने शनिवारी सव्वानऊला गेटपाशी जमावं. ओळखपत्र आणि चष्मा विसरू नका.