मदत हवी आहे: सिमेंटेड हिपचा (सिमेंटने बसवलेला कृत्रिम खुबा) स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडातला धातूचा दांडा, सैल झालाय की नुसता खाली बसलाय?

पॉलिश केलेला, निमुळता, कॉलर नसलेला स्टेम. हेड (सांध्याचा गोळा) 28 मिमी. ऑपरेशनला 6 वर्षं झालीत. समोरून घेतलेल्या एक्स-रेत ग्रुएन झोन 1 मध्ये (स्टेमभोवतीच्या सात भागांपैकी वरचा, बाहेरच्या बाजूचा), स्टेमचा खांदा आणि सिमेंट यांच्यामध्ये, 1.5 मिमीची काळी रेघ आहे. हा स्टेम पहिल्या दोनेक वर्षांत सिमेंटच्या आत 1 ते 2 मिमी उतरतोच, त्यामुळे तिची काळजी नाही. खरखरीत स्टेमला हीच रेघ दिसली असती तर मामला गंभीर होता.

खरी अडचण झोन 7 ची (वरचा, आतल्या बाजूचा भाग). तिथे रेघ सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये आहे, साधारण 2 मिमी, आणि मागच्या फिल्मपेक्षा रुंद वाटते. पण दोन्ही फिल्ममध्ये पायाचं रोटेशन जुळत नाही: जुन्या फिल्ममध्ये लेसर ट्रोकँटर (मांडीच्या हाडाचा आतल्या बाजूचा छोटा उंचवटा) ठळक, नव्या फिल्ममध्ये जवळजवळ लपलेला. हेडच्या व्यासावरून मॅग्निफिकेशन दुरुस्त करता आलं, रोटेशन नाही करता येत. सिमेंटला तडा नाही, स्टेम व्हारसमध्ये (टोक बाहेरच्या बाजूला) झुकलेला नाही, कपाच्या (सांध्याच्या वाटीच्या) तिन्ही झोनमध्ये रेघ नाही.

हॅरिस निकषांप्रमाणे (स्टेम सैल आहे का हे एक्स-रेवरून ठरवणारे) सिमेंट-हाड रेघ 50 टक्क्यांहून कमी भागात आहे, म्हणजे ‘शक्यता’ या गटातही बसत नाही. तरी फक्त झोन 7 मधली वाढती रेघ तुम्ही कशी वाचता? पॉलिएथिलीनच्या (कपाच्या प्लास्टिकच्या) झिजेमुळे होणारी ऑस्टिओलिसिस (हाड विरघळणं) बऱ्याचदा इथूनच सुरू होते, म्हणून दुर्लक्ष करवत नाही. रोटेशन जुळवून फिल्म पुन्हा घ्यावी, की थेट मेटल आर्टिफॅक्ट (धातूमुळे चित्रात येणारे पट्टे) कमी करणारा सीटी करावा? ईएसआर, सीआरपी (संसर्ग किंवा दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आत्ताच पाठवावेत का?